न्याय की सुटका?

१९ मार्च १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका मराठी जोडप्याच्या भांडणाचा निकाल दिला. ‘दास्ताने विरुद्ध दास्ताने’ हे नाव कायद्याच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतं. पण तो संसार दिल्लीत नोकरी करणाऱ्या मराठी माणसांचा होता, हे फारसं कुणी सांगत नाही. नवरा कृषिशास्त्रज्ञ, १९५६च्या नोव्हेंबरात बदली होऊन पुसाच्या कृषी संशोधन संस्थेत आलेला. बायको नागपूरकडची, वडील वाणिज्य मंत्रालयात असल्यामुळे दिल्लीत वाढली, दिल्ली विद्यापीठातून बी.एस्सी. झाली आणि निकालाच्या वेळी स्वतःही मंत्रालयात नोकरी करत होती. लग्न १९५६ साली पुण्यात, वेगळे झाले १९६१ साली, पुण्याच्या कोर्टात अर्ज १९६२ साली. तेरा वर्षांत चार कोर्टं झाली. शेवटी नवऱ्याचा अर्ज फेटाळला गेला आणि कायद्याच्या दृष्टीने दोघं नवराबायको होते ते नवराबायकोच राहिले.

असेच संसार आजही आर. के. पुरममध्ये भेटतात. आर. के. पुरम म्हणजे दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरांची मोठी वसाहत. एका जिन्यात एकाच मंत्रालयातली दोन-तीन घरं असतात, त्यामुळे रात्रीचं भांडण सकाळी ऑफिसात पोचतं. आईवडील साताऱ्याला नाहीतर अकोल्याला, त्यामुळे रागावून चार दिवस राहायला जवळ माहेर नाही. आणि घर नोकरीच्या नावावर असतं, लग्नाच्या नव्हे. अशा ठिकाणी ‘आता वेगळं व्हावं का’ हा प्रश्न फार उघड्यावर सोडवावा लागतो. या लेखासाठी मी दोन माणसं रचली आहेत. एक मावशी: आर. के. पुरममध्ये नोकरीची सगळी वर्षं काढून, निवृत्तीनंतर शेजारच्या मुनिरक्यात राहणारी. दुसरी तिची भाची: साकेत, द्वारका आणि पटियाला हाउसच्या कुटुंब न्यायालयांत वकिली करणारी. मावशीच्या जुन्या जिन्यातली एक बाई सल्ला विचारायला आली आहे. तीही रचलेलीच, पण तिच्यासारख्या बायका, आणि पुरुषसुद्धा, कोर्टातल्या बाकांवर रोज बसलेले असतात.

मावशी: क्वार्टर तिच्या नावावर, पगार तिचा, मुलगी केंद्रीय विद्यालयात सातवीला. लग्न अकोल्याला झालेलं. नवरा गुडगावला खासगी नोकरीत. हात उचलत नाही म्हणते. पण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जाब विचारतो, पैन् पैचा हिशेब मागतो, आणि आता तर तिच्या वरिष्ठांना पत्रं लिहायला लागलाय, बायकोचं चारित्र्य धड नाही म्हणून. मी तिला म्हटलं, थांबू नकोस. सगळं लिहून काढ आणि केस टाक. एकदा जजसाहेबांना कळू दे, माणूस कसा आहे ते.

भाची: माणूस कसा आहे हे दाखवायला ती कोर्टात जाणार असेल, तर तिला म्हणावं, अजून थांब.

मावशी: अगं, अकरा वर्षं सोसलं तिने! आणखी किती थांबायचं?

भाची: वर्षं मोजून ठरत नाही, मावशी. मी तिला दोन गोष्टी विचारीन. हा माणूस पुढची वीस वर्षं अगदी आजच्यासारखाच वागणार आहे असं धरलं, तर तू त्याच्याबरोबर राहशील का? नाही म्हणाली, तर पुढचं. त्याने चूक कधीच कबूल केली नाही, जजने त्याला एका शब्दाने दोष दिला नाही, नातेवाईक उलट तुलाच बोलले, तरीही तुला सुटायचंय का? याला हो म्हणता आलं की निर्णय झाला. तोवर तिला घटस्फोट नकोय. तिला पावती हवीय, की ती बरोबर होती.

मावशी: आणि मागितली पावती तर बिघडलं कुठे? आमच्या वेळच्या बायकांना ती कधी मिळालीच नाही. नवरा निवृत्त होईपर्यंत एका शब्दाची तक्रार न केलेल्या बायका मी याच सेक्टरांत पाहिल्यात. अन्याय झाला होता एवढं तरी कुणीतरी म्हणायला नको?

भाची: म्हणायला हवं. पण कोर्टाने म्हटलं तरी पुरत नाही, हेच तर दास्तान्यांच्या केसमध्ये दिसतं. बायकोने मंगळसूत्र तोडलं, ऑफिसातून यायच्या वेळी नवऱ्याला बाहेर ठेवून दार लावून घेतलं, तान्ह्या मुलीच्या जिभेवर तिखट चोळलं, रात्री दिवा लावून उशाशी बसून टोचत राहिली. हे सगळं न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूडांनी निकालात लिहिलं आणि ही क्रूरताच आहे म्हणून मान्य केलं. म्हणजे नवऱ्याला पावती मिळाली. तीही सर्वोच्च न्यायालयाची. आणि अर्ज फेटाळला गेला.

मावशी: तो का?

भाची: कारण त्या सगळ्यानंतरही दोघं नवराबायकोसारखे राहिले होते. वेगळे झाले तेव्हा तिला तिसऱ्यांदा दिवस गेलेले होते. हिंदू विवाह कायद्याचं कलम २३ म्हणतं, क्रूरता माफ केली असेल तर तिच्या आधारावर दाद मिळत नाही.

मावशी: घ्या! मग माझंच खरं झालं. थांबलात, सांभाळून घेतलंत, तर तेच तुमच्यावर उलटतं.

भाची: अर्धं खरं झालं. ती माफी सशर्त असते, हेही त्याच निकालात आहे. माफ केल्यावर पुन्हा तसंच वागणं सुरू झालं, तर जुनी क्रूरता परत उभी राहते. इथे फारकतीनंतरचं बायकोचं वागणं कोर्टाला तेवढं गंभीर वाटलं नाही. तिनेही १९६१च्या मे महिन्यात नवऱ्याच्या मंत्रालयाच्या सचिवांना पत्र लिहिलं होतं, त्याने टाकलं, छळ केला, पोटापाण्याची वेगळी सोय करा म्हणून. म्हणजे ऑफिसात पत्र लिहिण्याची रीत तुझ्या जिन्यातल्या नवऱ्याने काढलेली नाही. पण पत्र कुणी, कोणत्या अडचणीत लिहिलं हे कोर्ट बघतं. त्या निकालाचा खरा वारसा तोच आहे. आदर्श नवरा आणि आदर्श बायको यांची मापं बाजूला ठेवायची आणि समोर उभी असलेली ही दोन माणसं बघायची. आणि पुरावा खुनाच्या खटल्याइतका कडक लागत नाही. शक्यतेचं पारडं कुठे झुकतं, एवढं पुरतं.

इथे मला मध्ये बोलायला हवं. १९७५ साली हिंदू विवाह कायद्यात क्रूरता हे घटस्फोटाचं कारणच नव्हतं. क्रूरता सिद्ध झाली तर फक्त न्यायिक फारकत मिळायची. पुढच्याच वर्षी, १९७६च्या दुरुस्तीने क्रूरतेवर घटस्फोट मिळू लागला आणि परस्पर संमतीचं कलम १३ ब आलं. ज्या वाटेने ही दोघं कदाचित दोन वर्षांत मोकळी झाली असती, ती वाट त्यांचा निकाल लागल्यानंतर वर्षभराने उघडली. तेरा वर्षांत त्यांच्या मुली वाढून मोठ्या झाल्या. हा निकाल वाचताना मला कायद्यापेक्षा त्या वर्षांचंच दुःख जास्त होतं.

मावशी: बरं, पण हा माणूस साधा नाही गं. तिने मोबाईलवर कुठेसं वाचलंय, अशा लोकांना नार्सिसिस्ट म्हणतात. सगळी लक्षणं जुळतात म्हणते. तेच लिहायचं अर्जात.

भाची: अजिबात नाही. हे एक तिने माझं ऐकावंच. दास्तान्यांनी बायको मनोरुग्ण आहे असं म्हटलं होतं, ते एकाही कोर्टाने मानलं नाही. पुण्यात मानसोपचारतज्ज्ञाला दाखवू म्हणाले, तर तिला वाटलं आपल्याविरुद्ध पुरावा रचताहेत. त्यानंतर विश्वास कुठून उरणार? आणि दुसरी केस तर याहून बोलकी. १९९३च्या नोव्हेंबरातला ‘भगत विरुद्ध भगत’चा निकाल. नवऱ्याने घटस्फोट मागितला होता, बायको विरोध करत होती. तिने आपल्या कैफियतीत लिहिलं की नवऱ्याला संशयाचा मानसिक विकार आहे. उलटतपासणीत त्याच्या घराण्यालाच वेड्यांमध्ये काढलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हे लिहिणं हीच मानसिक क्रूरता. आणि तिच्याच शब्दांच्या आधारावर नवऱ्याला घटस्फोट दिला. माणसाला आजाराचं नाव देऊ नये. तो डॉक्टरचा अधिकार. तिने लिहावं ते एवढंच: अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक बोलला, मुलगी जागी होती.

मावशी: असं कोरडं लिहून तिचं दुःख कसं पोचणार?

भाची: तेच पोचतं. स्वभावाचं वर्णन जजने दिवसभर ऐकलेलं असतं. प्रत्येक फाइलमध्ये समोरचा राक्षसच असतो. तारीख असलेलं एक पान मात्र वेगळं उठून दिसतं. आणि वरिष्ठांना गेलेली पत्रं तर त्याने स्वतःच्या सहीनिशी दिलेला पुरावा आहे. २०१३च्या श्रीनिवास राव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, जोडीदाराच्या नोकरीवर परिणाम होईल अशा खोट्या, बदनामीच्या तक्रारी करणं ही मानसिक क्रूरता. तिने त्या पत्रांना संतापून उत्तर देऊ नये. प्रती मागून घ्याव्यात आणि जपून ठेवाव्यात.

मावशी: आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं तर? मध्यंतरी काहीतरी निकाल आला म्हणे.

भाची: जुलै २०२५. नवराबायकोचं गुपचूप रेकॉर्ड केलेलं संभाषण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. पण रेकॉर्डिंगमध्ये तिचाही आवाज असतो. असे लोक डिवचतात, आपण ओरडतो, आणि टेपवर आपलंच ओरडणं राहतं. ज्याला भांडण हवं असतं त्याच्याशी बोलायची एकच रीत मला उपयोगी पडलेली दिसते. लेखी बोला, थोडं बोला, मुलीपुरतं आणि पैशापुरतं बोला. ‘शनिवारी चार वाजता मुलीला बाजाराच्या कोपऱ्यावर सोडेन.’ झालं. त्याच्या तीन पानी मेसेजमधल्या आरोपांना उत्तर न देणं म्हणजे ते कबूल करणं नव्हे. लोकांना इथेच भीती वाटते आणि रात्रभर उत्तरं लिहीत बसतात. आणि मुलीच्या हातून निरोप पाठवायचे नाहीत, कधीच नाहीत.

मावशीला हे पटलं असेल, पण तिचा मुद्दा अजून शिल्लक होता. माझ्या मते या सगळ्या वादातला तोच सगळ्यात जड मुद्दा आहे.

मावशी: तू म्हणतेस पावती नको, सुटका हवी. मला सांग, सुटका कोण देणार? संमतीने घ्यायचा तर त्याची सही लागते. जो माणूस रात्री दोनपर्यंत झोपू देत नाही, तो सुखासुखी सही देईल? शेवटी तीच म्हणेल, पोटगी नको, दागिने नकोत, फक्त सही कर. रखमाबाईंनी तेच केलं. त्यांच्या नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, १८८४ मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लावला, बायको नांदायला येत नाही म्हणून. अकराव्या वर्षी लावलेलं लग्न, एक दिवस संसार नाही. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे तिच्या बाजूने बोलले. अपिलानंतर १८८७च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन म्हणाले, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंगात जाते. टिळकांसारखा माणूस तिच्या विरोधात लिहीत होता. आणि १८८८ मध्ये प्रकरण मिटलं कसं? दादाजींना दोन हजार रुपये देऊन! छळही तिनेच सोसायचा आणि पैसेही तिनेच मोजायचे. तुझ्या कोर्टात आज दुसरं काय होतं?

भाची: पुष्कळदा हेच होतं. मी नाही म्हणणार नाही. पण त्या दोन हजारांच्या पुढचंही सांग ना. १८८९ मध्ये ती इंग्लंडला गेली, डॉक्टर होऊन आली, सुरतेत आणि राजकोटमध्ये बायकांवर उपचार करत राहिली. घटस्फोट तिला मिळालाच नाही. हिंदू विवाह कायदा १९५५च्या मे महिन्यात आला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ती गेली. ती पावतीसाठी थांबली असती तर?

मावशी: ते तिचं मोठेपण. कायद्याचं नव्हे.

भाची: मान्य. म्हणूनच मी म्हणते, सहीसाठी हक्क विकायची वेळ येऊ नये म्हणून आधी पैशाची बाजू भक्कम करायची. रजनेश विरुद्ध नेहा ही नागपूरची केस. बाई लहान बाळाला घेऊन २०१३ मध्ये पोटगी मागायला गेली आणि ते प्रकरण २०२०च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयात संपलं. पण त्यातून देशभरासाठी नियम झाला: दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज यांचं शपथपत्र द्यायचं, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, आणि मुद्दाम दिरंगाई करणाऱ्याचा बचावच कोर्ट काढून टाकू शकतं. चालढकल करणाऱ्या माणसासमोर हे हत्यार फार कामाचं. इथे तर पगार तिचाही आहे. नवरा तिच्याकडूनसुद्धा पोटगी मागू शकतो, ते तिला आजच सांगून ठेवलेलं बरं. आणि एक खास सरकारी नोकरीतली गोष्ट: जानेवारी २०२४ पासून, घटस्फोटाचा किंवा घरगुती हिंसाचाराचा खटला चालू असेल तर केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्याला कुटुंब निवृत्तिवेतनासाठी नवऱ्याच्या आधी मुलांचं नाव देता येतं. खटला दाखल झाला की तिने तो अर्ज ऑफिसात द्यावा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. बायकांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

मावशी: आणि त्याने अकोल्याला केस टाकली तर? लग्न तिथलं ना.

भाची: टाकू शकतो. असे लोक लांबचं कोर्टच निवडतात, दर तारखेला समोरच्याला रजा घेऊन धावायला लागावं म्हणून. मग तिला बदलीसाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज करावा लागेल, राज्य वेगळं आहे म्हणून. त्यापेक्षा तिने आधी इथे दाखल करावी. २००३ पासून बायकोला स्वतः राहते त्या ठिकाणी अर्ज करता येतो. शेवटचा संसारही इथलाच आहे.

मावशी: बरं, समुपदेशनाचं काय? कोर्टात गेल्यावर पहिलं तेच गळ्यात पडतं. दोघांना समोरासमोर बसवून ‘जमवून घ्या’.

भाची: कुटुंब न्यायालय कायदा १९८४चा आहे आणि समेटाचा प्रयत्न करणं हे त्यातलं कोर्टाचं कर्तव्यच आहे. मला त्याचा राग नाही. दोन चांगली पण थकलेली माणसं तिथे खरंच सावरतात. पण एकाला दुसऱ्याची भीती वाटत असेल तर एका टेबलावर बसवणं म्हणजे त्या भीतीला खुर्ची देणं. तिने पहिल्याच दिवशी समुपदेशकाला सांगावं, मला वेगळं बसायचंय. हे मागता येतं. आणि मेडिएशनमध्ये बोललेलं पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही, त्यामुळे तिथे त्याला उघडं पाडायचा प्रयत्नच करू नये. तिथे एकच काम करायचं: आकडे आणि मुलीचे वार ठरवायचे. जमलं तर संमतीचा अर्ज. सहा महिन्यांची थांबायची मुदतही २०१७च्या अमरदीप सिंगच्या निकालानंतर योग्य प्रकरणात माफ होते.

मावशी: आणि नाहीच जमलं, तर पुन्हा क्रूरता सिद्ध करत बसा. लग्न मेलंय हे सगळ्यांना दिसतं, पण ते कुणी मारलं हे सिद्ध झाल्याशिवाय त्यातून बाहेर पडता येत नाही! विधी आयोगाने १९७८ मध्येच सांगितलं होतं, सावरण्यापलीकडे मोडलेला संसार हे वेगळं कारण धरा. २०१३ मध्ये राज्यसभेने विधेयक मंजूरही केलं. लोकसभेत ते गेलंच वाहून. म्हणजे पावतीचा हट्ट माझा नाही गं, कायद्याचा आहे.

भाची: इथे तू जिंकलीस. २०२३च्या मे महिन्यात घटनापीठाने म्हटलं, अशा मोडलेल्या लग्नात सर्वोच्च न्यायालय घटनेच्या कलम १४२ खाली घटस्फोट देऊ शकतं. पण तो अधिकार त्यांचा. द्वारकेच्या जजकडे तो नाही. आर. के. पुरममधल्या बाईने मोकळं व्हायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जायचं, हे मलाही पटत नाही. मुलांची आणि कमावत्या नसलेल्या जोडीदाराची पक्की सोय करून ते कारण कायद्यात यायलाच हवं.

मावशी: आणि नानकपुऱ्याचं? इथून जवळ आहे महिलांचा पोलीस विभाग. तिथे तक्रार द्यायची की नाही?

भाची: उद्या त्याने हात उचलला, तिला घरात कोंडलं, मुलीला उचलून न्यायची धमकी दिली, तर विचारायचंच नाही. ११२ लावायचा, १८१ लावायचा, आधी सुरक्षित व्हायचं, कागद नंतर. तिथे माझे दोन प्रश्नही नकोत. पण त्याला नमवायला म्हणून न घडलेलं लिहायचं असेल, तर नको. एक खोटं वाक्य बाकीची दहा खरी वाक्यं घेऊन बुडतं.

मावशी: खोटं ती लिहिणारच नाही. पण मी तिला अर्जात एक ओळ माझ्याकडून लिहायला सांगणार आहे. जे झालं ते चूक होतं, एवढीच. कोर्टाने वाचो, न वाचो.

भाची: लिहू दे. फक्त वर तारीख घालायला सांग.